अकराव्या पानावर अडलेली कथा : तिचा गाभा कसा शोधायचा

कथा अर्ध्यात अडली की बहुतेक नवे लेखक शेवट शोधायला लागतात. तो सापडत नाही म्हणून वही बंद होते आणि नवी कथा सुरू होते, मग तीही तिथेच अडते. खरं तर तोवर गाभाच सापडलेला नसतो, आणि तो नसताना कुठलाही शेवट चिकटवला तरी उसनाच वाटतो. गाभा मात्र लिहिलेल्या पानांतच कुठेतरी पडलेला असतो. तो शोधायला साधारण दोन आठवडे, एक प्रिंट, एक पेन्सिल आणि एक जुनं कॅलेंडर लागतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक खर्डा घेऊ. तो या लेखापुरता बनवलेला आहे, पण असे खर्डे आपल्याकडे कितीतरी वह्यांत पडून असतात.

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातलं, केळीच्या पट्ट्यातलं गाव. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली आहे. तिचं सासर धुळे जिल्ह्यात, शिंदखेड्याकडे. आई गेली त्याला चार वर्षं झाली, बाप यंदा माघात वारला. त्याच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. थोरला भाऊ स्वतः मुऱ्हाळी होऊन तिला घ्यायला गेला होता. रात्री जेवणं झाल्यावर तिला कळतं, की हक्कसोडपत्राचे कागद तयार आहेत. चार एकर बागायतीवरचा हक्क तिनं सोडायचा आहे. अकराव्या फुलस्केपवर ती दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बाकावर बसली आहे, आणि लेखकाचा पेन तिथेच थांबला आहे. ती सही करते की नाही? दोन्ही लिहून झालं. सही केली तर कथा रडकी होते, नाही केली तर भाषण होतं.

विषय, कथानक आणि गाभा

या तीन गोष्टींची सरमिसळ झाली की पुढचं काहीच जमत नाही. इथे विषय आहे बहिणीचा वाटा. तो वर्तमानपत्रातल्या लेखालाही चालतो. कथानक म्हणजे ती आली, जेवली, कागद निघाले, कचेरीत गेली. गाभा म्हणजे पात्राला आतून टोचत राहणारी, पण तोंडानं विचारता न येणारी गोष्ट. तो प्रश्नाच्या रूपात लिहावा, पात्राच्याच शब्दांत लिहावा आणि त्यात ‘मी’ किंवा ‘मला’ असावं. ‘स्त्रियांना संपत्तीत वाटा मिळतो का?’ हा गाभा नाही, कारण तो तहसीलदारालाही विचारता येतो. ‘मी सही करू का?’ हा त्यापेक्षा जवळचा, पण तो तोंडानं विचारता येतो. वकिलाला विचारा, मैत्रिणीला विचारा. कुणालाच विचारता येणार नाही असा प्रश्न अजून हाती लागलेला नाही, म्हणून कथा बाकावर बसून आहे.

आधी कागद, मग वाचन

खर्डा किमान सात दिवस उघडू नका. दहा दिवस उत्तम. महिना मात्र घालवू नका, तोवर कथेची ऊब जाते आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून तापवावं लागतं.

मग प्रिंट काढा. मोबाइलवर वाचून हे काम होत नाही, कारण स्क्रीनवर डोळा पुढे सरकत राहतो आणि पान उलटून मागे जाणं घडत नाही. अक्षर १४चं ठेवा, दोन ओळींत मोकळी जागा सोडा आणि कागदाच्या एकाच बाजूला छापा. उजवीकडे दोन बोटं समास. पानांना क्रमांक घाला. खर्डा हातानं लिहिलेला असेल तर आधी तो टाइप करून घ्या, पण टाइप करता करता सुधारू नका. फोनला बोलून टाइप करत असाल तर बोलीतले संवाद नंतर मूळ वहीशी ताडून बघा. अहिराणीतल्या ‘शे’चं ‘आहे’ झालेलं असतं आणि ते लक्षातही येत नाही.

पहिलं वाचन मोठ्यानं, एका बैठकीत, पेन्सिल हातात न घेता. फुलस्केपच्या एका पानात साधारण अडीचशे शब्द मावतात, म्हणजे अकरा पानांना पाऊण तासाच्या आत वेळ लागतो. मध्ये थांबायचं नाही. घरात लाज वाटत असेल तर गच्चीवर जा. मनातल्या मनात वाचताना आपण आपल्या चुकांना सांभाळून घेतो, तोंडानं वाचताना जीभ अडखळते. जीभ अडखळली ती जागा लक्षात ठेवा.

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या आणि दोनच खुणा करा. वारंवार येणाऱ्या गोष्टीभोवती गोल काढा. जिथे लेखक घाईनं पुढे पळाला तिथे समासात आडवी रेघ मारा. भाषा, शुद्धलेखन, उपमा यांना आज हात लावू नका. शुद्धलेखन तपासत बसणं हा गाभ्यापासून पळण्याचा सगळ्यात सभ्य मार्ग आहे.

गोल काय सांगतात

काही वस्तू कथेच्या गरजेपुरत्या येतात. काही मात्र लेखकाला नकळत पुन्हा पुन्हा डोकावतात. आपल्या खर्ड्यात ‘हक्कसोडपत्र’ नऊ वेळा आलं तर नवल नाही, ते कथानकच आहे. पण ‘खापर’, म्हणजे चुलीवर पालथं घालून पुरणाचे मांडे भाजायचं मातीचं भांडं, तीन वेळा आलंय. बहीण घरात शिरताच ते शोधते, जेवताना पुरणपोळी तव्यावरची आहे हे तिला जाणवतं, आणि कचेरीच्या बाकावर तिला आईचे मांडे आठवतात. जमिनीच्या भानगडीशी खापराचा काय संबंध? काही नाही. म्हणूनच ते महत्त्वाचं. आणि ‘चार वर्षं’ हे दोन शब्द पाच ठिकाणी आहेत. चार वर्षांत घर बदललं, चार वर्षांत भाचा उंच झाला, चार वर्षांनी रस्ता डांबरी झाला.

गोल मोजून झाले की प्रत्येक गोलाला एकच विचारा: हे नसतं तर कथानकाचं काय अडलं असतं? काहीच अडत नसेल आणि तरी ते दोनदापेक्षा जास्त आलं असेल, तर ते वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. एवढ्या लांबीच्या कथेत अशा दोन-चार गोष्टी निघतात. दहा निघाल्या तर तो गाभ्याचा माग नाही, तपशिलांचा सोस आहे. एकही नाही निघाली तर खर्डा बातमीसारखा लिहिला गेलाय, आणि पुढची पायरी त्याला जास्त उपयोगी.

आडव्या रेघा जास्त बोलतात

‘मग गप्पा झाल्या.’ ‘दिवस कसा गेला कळलंच नाही.’ ‘तिच्या मनात असंख्य विचार आले.’ ‘शब्दांत सांगता येणार नाही असं काहीतरी वाटलं.’ अशा वाक्यांना सरसकट आडवी रेघ मारा. लिहायला कठीण गेलेला प्रसंग लेखक अशा एका ओळीत उरकतो, आणि कठीण तेच जातं ज्याला गाभ्याचा वास लागलेला असतो. पंधरा ओळी एसटीच्या खिडकीतल्या केळीबागांवर आणि अर्धी ओळ वहिनीशी झालेल्या बोलण्यावर, हे प्रमाण दिसलं की समजावं की बागेमागे दडून बसणं सोपं होतं.

खर्ड्यातला हा परिच्छेद बघा:

‘तिनं घर पाहिलं. चार वर्षांत बरंच काही बदललं होतं. आईचं खापर कुठे दिसेना. मग वहिनीशी गप्पा झाल्या. जेवणं झाली. रात्र कशी गेली कळलंच नाही.’

सहा वाक्यांत तीन पळवाटा. आता यातली एक रेघ निवडा, वीस मिनिटांचा गजर लावा आणि फक्त तेवढाच प्रसंग हातानं लिहा. तीनशे शब्द पुरे. कथेत तो बसेल का याचा विचार नको. एकच नियम: भावनेचं नाव घ्यायचं नाही, हात काय करतात ते लिहायचं. असं काहीतरी येतं:

‘खापर कुठंय, वहिनी?’
वहिनीचे हात कणकेत होते. ‘परसात बघा, ताई. पाखरांना पाणी ठेवते त्यात.’
लिंबाखाली खापर उताणं पडलं होतं. चुलीवर ते कायम पालथं असायचं, त्यामुळे त्याची आतली बाजू तिनं पहिल्यांदाच पाहिली. सगळी काजळी. चार पावसाळे पाण्यात राहून ती धुतली गेली नव्हती. तळाशी बोटभर पाणी होतं. तिनं घरातून तांब्या आणला आणि पाणी भरून ठेवलं.

इथे ती काहीच बोलत नाही, पण तिला काय हवंय ते जमिनीच्या बाहेर सरकलं. हाच प्रयोग दुसऱ्या रेघेवर, तिसऱ्या रेघेवर करा. एका दिवशी एकच. चौथा प्रयोग विरुद्ध पात्राच्या बाजूनं करा. इथे भावाच्या बाजूनं. शिंदखेड्याला जाताना गाडीत त्यानं काय ठरवलं होतं? कागद आधी सांगायचे की नंतर? हा प्रयोग टाळू नका. ज्या पात्राला आपण मनातून गुन्हेगार ठरवलंय त्याची बाजू लिहिली नाही, तर कथा फिर्याद होऊन बसते.

कॅलेंडर उघडा

लेखनाच्या पुस्तकांत हे सहसा नसतं, पण अडलेली कथा सोडवायला याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. कथेतलं वर्ष ठरवा आणि त्या वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवा.

समजा ही कथा २०२५ची. आखाजी ३० एप्रिलला, बुधवारी. दुसऱ्या दिवशी १ मे, महाराष्ट्र दिन, कचेरी बंद. शुक्रवारी सही. मध्ये एकच दिवस.

आता २०२४ घ्या. आखाजी १० मेला, शुक्रवारी. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणून शनिवार-रविवार गेले. सोमवारी, १३ मेला, जळगाव आणि रावेर मतदारसंघात लोकसभेचं मतदान, म्हणजे तोही दिवस गेला. धुळे मतदारसंघाचं मतदान २० मेला होतं, म्हणून शिंदखेड्याला परत जायची तिला घाई नाही. कचेरी उघडणार मंगळवारी, १४ तारखेला. भावानं घाईनं आणलेल्या बहिणीला आखाजी धरून चार दिवस माहेरी थांबावं लागतं. कुणी ठरवलेलं नसताना माहेरपण होऊन जातं.

तेच कॅलेंडर मागे उलटा. आधीच्या चार आखाज्या: २०२०, २०२१, २०२२, २०२३. पहिली २६ एप्रिल २०२०, टाळेबंदीतली. दुसरी १४ मे २०२१, तेव्हाही निर्बंध. त्या दोन वर्षी मुऱ्हाळी आला नाही याला कारण होतं. २०२२ आणि २०२३ ला नव्हतं. आता गोल केलेल्या ‘चार वर्षं’कडे परत या. ही चार वर्षं घर बदलण्याची नाहीत, न्यायला कुणी न आल्याची आहेत. आणि यंदा आला तो कागद घेऊन.

प्रश्न आता लिहिता येतो: ‘दादा मला न्यायला आला, की माझ्या सहीला?’ हा प्रश्न तिला भावाला विचारता येत नाही, वहिनीला येत नाही, सासरी तर मुळीच नाही. हा गाभा.

सापडला की काय करायचं

प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून टेबलाला चिकटवा. कथेत तो शब्दशः येऊ देऊ नका. पात्रानं तो उच्चारला की पुढची पानं फुकट.

मग प्रत्येक प्रसंग त्या प्रश्नाला घासून बघा. प्रश्न जड करणारा किंवा त्याचं उत्तर हलवणारा प्रसंग ठेवा, बाकीचा काढा. आपल्या खर्ड्यात एसटीस्टँडचं वर्णन, तापीचा पूल, गावाचा इतिहास मिळून पहिली अडीच पानं जातात. बहुतेक अडलेल्या कथा मुळात तिसऱ्या पानावर सुरू होत असतात. काढलेली पानं फाडू नका, वेगळ्या फाइलीत ठेवा. फाडायची नाहीत हे माहीत असलं की काढायला हात धजावतो.

चार दिवस मिळालेत, पण त्यांना सारखी जागा देऊ नका. शुक्रवार घागरीचा, तो एका पानात होतो. शनिवार सगळ्यात मोठा ठेवा: भाऊ फैजपूरला जातो आणि काही न बोलता नवं खापर घेऊन येतो. रविवारी मांडे. इथे कृती नीट माहीत हवी. कणीक सैल आणि तार सुटेल अशी मळलेली, पुरण भरलेला गोळा थोडा लाटून मग दोन्ही हातांवर फिरवत मोठा करायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा. खापर मातीचं असतं, एकदम भडक जाळ लागला तर तडकतं, म्हणून आधी मंद आचेवर तापवायचं. ही माहिती कथेला उपयोगी पडते, कारण बहीण जाळ किती ठेवते यावरून वाचकाला तिचं मन कळतं. सोमवार दोन ओळींत: भाऊ-वहिनी मत देऊन येतात, हिचं नाव इथल्या यादीत नाही. बस.

कागदपत्रांचे तपशील चुकवू नका. हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं, त्यासाठी तिला स्वतः दुय्यम निबंधकापुढे हजर राहावं लागतं, फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतात, साक्षीदार लागतात. ‘घरीच सही घेतली आणि सातबारा बदलला’ असं लिहिलं तर खेड्यातला वाचक तिथेच कथा मिटतो.

इथे घोटाळे होतात

आखाजीचं प्रदर्शन. झोके, गौराई, सांजोऱ्या, आमरस, गाणी सगळं एका पानात ओतलं की कथा शाळेतला निबंध होते. सणाच्या दोनच गोष्टी घ्या, त्यांच्यावर पात्राचा हात पडू द्या.

बोली. यावल-रावेरची लेवा बोली आणि शिंदखेड्याची अहिराणी एक नाहीत. परगावच्या वाचकाला फरक कळणार नाही म्हणून दोन्हींची मिसळ करू नका. उलट इथे त्याचा फायदा आहे. माहेरची लेवा बोलणारी ही बाई सासरी वीस वर्षं राहून ‘मना भाऊ उना’ म्हणायला लागली असेल, तर माहेरच्या उंबऱ्यावर तिच्या तोंडून चुकून ‘मना’ निघणं हाच एक प्रसंग आहे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही वाट नवख्याला सोयीची. बोलीतला संवाद सलग पाच-सहा ओळींपेक्षा लांबवू नका आणि कंसात अर्थ देऊ नका. शेजारच्या वाक्यातून अर्थ कळत नसेल तर शब्द बदला.

विहीर आणि दोर. कथा अडली की पात्राला मारून टाकायचं, हा आपल्याकडच्या ग्रामीण कथेला लागलेला जुना रोग आहे. कर्जबाजारी बाप, नापीक वर्ष, शेवटच्या परिच्छेदात आत्महत्या. ज्या भागात अशी घरं खरोखर आहेत तिथे हा शेवट गाभा न सापडल्याची सबब म्हणून वापरणं हलकं आहे. मृत्यू घ्यायचाच असेल तर तो पहिल्या पानावर घ्या आणि पुढे लिहा.

शहाणं पात्र. शेवटाकडे एखादी म्हातारी किंवा मास्तर येऊन सगळ्याचा अर्थ सांगतात. हे पात्र काढा. ते बोलतं ती वाक्यं लेखकाची असतात.

शेवट

गाभा ‘सही’त नाही हे कळल्यावर शेवटाचा ताण उतरतो. सही होऊ द्या, तीही मधल्या एखाद्या वाक्यात. शेवट प्रश्नाला भिडला पाहिजे, पण त्याचं उत्तर मिटवून टाकता कामा नये. तीन-चार पर्याय एकेका वाक्यात लिहा. एक: भाऊ रडतो आणि माफी मागतो (उत्तर मिळालं, कथा संपली, वाचकाला काम उरलं नाही). दोन: बहीण सहीपूर्वी उठून जाते (छान, पण मग चार दिवस कशाला दिले?). तीन: मंगळवारी दुपारी भाऊ तिला एसटीत बसवतो आणि नवं खापर गोणपाटात गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवतो. हे देणं माहेरचं आहे, की आता मांडे तिकडेच कर असा निरोप? तिला कळत नाही. चोपडा-शिरपूर मार्गे शिंदखेड्यापर्यंत ते फुटू नये म्हणून ती दोन्ही हातांनी धरून बसते. तिसरा ठेवा.

आता कथा पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहा, जुना खर्डा समोर न ठेवता. आठवेल तेच येऊ द्या. रोज दोन पानं धरली तर पाच-सहा दिवस.

दोन जणांना वाचायला द्या. एक, आखाजीला माहेरी जाणारी किंवा मुऱ्हाळी म्हणून गेलेली व्यक्ती. दुसरी, खानदेशाबाहेरची. ‘आवडली का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. तीनच गोष्टी विचारा: वाचताना कुठे थांबलात, कुठे पान पुढे ढकललंत, आणि बहिणीला काय हवं होतं. तिसऱ्याचं उत्तर दोघांकडून ‘जमीन’ असं आलं तर शनिवारचा प्रसंग अजून कच्चा आहे, तिथेच परत जा. पहिल्या वाचकाला मांड्यांची कृती खटकली तर वाद न घालता बदला. दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर हे सगळं जूनच्या आत उरका. बऱ्याच संपादकांकडे पावसाळ्यातच अंकाची जुळवाजुळव सुरू होते, आणि श्रावणात आलेली कथा चांगली असूनही पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात जाऊन पडते.